कोणाला ठेवावे, कोणाला सोडावे?

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे एक नवा लिलाव रूढ झाला आहे. हा लिलाव कांद्याचा नाही की बैलांचा नाही. हा आहे क्रिकेट खेळणाऱ्या माणसांचा. संगमनेरच्या बाजारात टोमॅटोच्या कॅरेटला आज काय भाव निघाला याची चौकशी जितक्या आस्थेने होते, तितक्याच आस्थेने चहाच्या दुकानातून कोणता खेळाडू किती कोटींना गेला याची चौकशी होते. पण या चर्चेत एक प्रश्न बहुधा रागाच्या सुरात विचारला जातो. तो असा, की एवढ्या चांगल्या खेळाडूला त्याच्या जुन्या संघाने सोडलेच कसे?

उदाहरणच घ्या ना. २६ मे २०२४ रोजी कोलकाता नाइट रायडर्स हा संघ इंडियन प्रीमियर लीगचा विजेता ठरला. त्याचा कर्णधार होता मुंबईचा श्रेयस अय्यर. पुढे पाचच महिन्यांनी, ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी, दहाही संघांनी आपल्याकडे राखून ठेवायच्या खेळाडूंच्या याद्या जाहीर केल्या. कोलकात्याच्या यादीत सहा नावे होती, आणि त्यात विजेत्या कर्णधाराचे नाव नव्हते! ज्याने चषक आणून दिला, तोच दाराबाहेर. वरवर पाहिले तर हा निव्वळ कृतघ्नपणा वाटतो. पण थोडे थांबून हिशेब मांडला, तर प्रश्न इतका सरळ नाही हे ध्यानात येते. हा हिशेब कसा मांडतात, त्याचे नियम कोणते, आणि तो कोठे फसतो, एवढेच आज आपल्याला पाहायचे आहे. क्रिकेटची आवड नसलेल्या वाचकांनीही पान उलटू नये. कारण हा प्रश्न खेळाचा कमी आणि प्रपंचाचा अधिक आहे.

आधी मर्यादेची गोष्ट. आपल्याकडे यात्रेतल्या हगाम्यात कुस्ती नेमताना पंच जोड पाहतात. नवख्या पोरासमोर कसलेला मल्ल उभा केला, तर कुस्ती चितपट होईल. पण पाहणाऱ्याला त्यात गोडी उरणार नाही. संघांच्या खेळाचेही तसेच आहे. मालकाच्या थैलीला तोंड बांधले नाही, तर सगळे उत्तम गडी एकाच तंबूत जमतील, निकाल आधीच ठरेल आणि लोक घरी बसतील. म्हणून प्रत्येक संघाने खेळाडूंवर किती खर्च करावा याची मर्यादा घालून देतात.

ही कल्पना आपल्याकडची नव्हे. उत्तर अमेरिकेत बर्फावर हॉकी खेळतात. तिथे याच मर्यादेवरून मालक आणि खेळाडू यांचे एवढे वाजले, की २००४-०५ चा संपूर्ण हंगाम खेळाविना गेला. अखेर २००५-०६ पासून प्रत्येक संघाला ३ कोटी ९० लाख डॉलरची मर्यादा लागू झाली; ती पुढे उत्पन्नाबरोबर वाढत गेली. या मर्यादेचा खरा चटका बसला तो शिकागोच्या ब्लॅकहॉक्स या संघाला. १९६१ नंतर प्रथमच, म्हणजे २०१० मध्ये, त्यांनी स्टॅन्ली चषक जिंकला. आणि त्याच उन्हाळ्यात त्यांना विजयी संघातले अनेक मोहरे सोडून द्यावे लागले. कोणी वाईट खेळला म्हणून नव्हे, तर सगळ्यांचे पगार मर्यादेत बसेनात म्हणून. पण टेव्झ, केन, कीथ आणि सीब्रूक हे चार आधारस्तंभ त्यांनी हलू दिले नाहीत. लगेचचा हंगाम बेताचाच गेला. पुढे २०१३ आणि २०१५ मध्ये त्यांनी पुन्हा चषक जिंकला. म्हणजे सगळे ठेवणे शक्य नसते, तेव्हा काय ठेवले यावर घर उभे राहते.

आपल्या मैदानी हॉकीतही हे आले आहे. हॉकी इंडिया लीग बऱ्याच खंडानंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या प्रत्येक संघाला लिलावात ४ कोटी रुपयांची थैली होती. भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंग याला ७८ लाख मिळाले. म्हणजे थैलीचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकाच गड्यावर गेला, आणि उरलेल्या रकमेत बाकीचा सारा संघ उभा करायचा राहिला. पण याद्या, रकमा आणि त्यांचे परिणाम यांचा पुरता तपशील लोकांसमोर आहे तो क्रिकेटचा. म्हणून आपण तोच हाती घेऊ.

२०२५ च्या हंगामासाठी नियम साधारण असे होते. लिलावासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपये. संघात कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू. त्यात परदेशी ८ च्या वर नाहीत. जुन्या संघातले जास्तीत जास्त सहा जण ठेवता येतील. भारताकडून किंवा आपापल्या देशाकडून खेळलेल्या पहिल्या खेळाडूसाठी थैलीतून १८ कोटी वजा, दुसऱ्यासाठी १४, तिसऱ्यासाठी ११, चौथ्यासाठी पुन्हा १८ आणि पाचव्यासाठी १४. आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूसाठी मात्र फक्त ४ कोटी.

ही चढउतार पाहिलीत? तीन पायऱ्या उतरणाऱ्या आणि चौथी एकदम वर. यातली मेख अशी, की पहिले तीन ठेवणे सोपे करावे, पण चौथा आणि पाचवा ठेवताना मालकाने दोनदा विचार करावा. पाचही ठेवले तर ७५ कोटी गेले. हातात राहिले ४५. त्यात निदान तेरा माणसे आणायची. पाच जणांच्या आपसातल्या वाटण्या कमीजास्त करण्याची मुभा होती. मुंबई इंडियन्सने तेच केले. जसप्रीत बुमराह १८ कोटी, सूर्यकुमार यादव आणि हार्दिक पंड्या प्रत्येकी १६ कोटी ३५ लाख, रोहित शर्मा १६ कोटी ३० लाख आणि तिलक वर्मा ८ कोटी. बेरीज करून पाहा. बरोबर ७५ कोटी येतात. आपल्या एकत्र कुटुंबात भावाभावांनी समजुतीने वाटणी करावी, तशी ही वाटणी.

आता मुख्य प्रश्न. कोणाला ठेवावे?

सामान्य रसिक विचारतो, "हा खेळाडू चांगला आहे की नाही?" हिशेब ठेवणारा हा प्रश्न विचारतच नाही. तो विचारतो, "याला दिलेल्या पैशात दुसरे काय आले असते?" अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही मुलांना जे शिकवतो, त्याचे सार एवढेच आहे. एखाद्या वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी जे सोडावे लागते ते. प्रवरेच्या पाटावरच्या शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. पाण्याची पाळी ठरलेली असते, तास ठरलेले असतात. उसाला पाणी दिले, तर घासाला आणि कांद्याला तेवढे कमी. ऊस चांगला की वाईट हा वाद तिथे कोणी घालत नाही. त्या पाण्यावर आणखी काय निघाले असते, हे तो मनात धरून असतो. १२० कोटी म्हणजे संघाची पाण्याची पाळी. ती संपली की संपली. शेजाऱ्याकडून उसनी आणता येत नाही.

दुसरा नियम यातूनच निघतो. खेळाडूचे मोल तो किती धावा काढतो यावर नव्हे, तर त्याच्या जागी सहज मिळणारा माणूस जितक्या काढील, त्यापेक्षा किती अधिक काढतो यावर ठरते. समजा, एक फलंदाज हंगामात ५०० धावा काढतो आणि १६ कोटी घेतो. त्याच जागी ४ कोटींत ४०० धावा काढणारा मिळतो. मग वरचे १२ कोटी आपण १०० धावांसाठी मोजले. ५०० साठी नव्हे! आता दुसरीकडे पाहा. सामन्याच्या शेवटच्या षटकांत धावा रोखणारा वेगवान भारतीय गोलंदाज आपल्याकडे आहे, आणि त्याच्या जागी आणावा असा दुसरा बाजारात नाहीच. मग त्याला १८ कोटी दिले तरी ते स्वस्त. बुमराहच्या नावासमोर मुंबईने सर्वांत मोठा आकडा का घातला, याचे उत्तर इथे आहे. फलंदाज पुष्कळ आहेत. बुमराह एकच आहे.

परदेशी खेळाडूंच्या मर्यादेने हा हिशेब आणखी वळण घेतो. प्रत्यक्ष मैदानावर अकरांत चारच परदेशी उतरू शकतात. म्हणजे निदान सात जागा भारतीयांनीच भरायच्या. जगात यष्टिरक्षण करून तडाखेबंद फलंदाजी करणारे अनेक असतील. भारतात तसे थोडे, आणि मागणारे संघ दहा. म्हणूनच नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात ऋषभ पंतला लखनौने २७ कोटी मोजले. हा आकडा ऐकून पुष्कळांनी कपाळाला हात लावला. पण टंचाईच्या वस्तूचा भाव असाच चढतो. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याचा भाव आपण पाहिलेला आहेच.

तिसरा नियम पाळायला सर्वांत कठीण. पैसा द्यायचा असतो उद्याच्या खेळासाठी; आपल्या डोळ्यांसमोर असतो तो कालचा खेळ. आपल्या तालुक्यात डाळिंबाच्या बागा पुष्कळ. ज्या झाडांनी पाच-सहा वर्षे भरभरून दिले, ती काढून टाकताना मालकाचा जीव कासावीस होतो. पण बागेला खत-पाणी घालायचे ते येणाऱ्या बहरासाठी. गेल्या बहराचे पैसे तर केव्हाच मिळाले. खेळाडूचेही असेच. त्याचे वय, त्याची दुखणी, त्याचा वेग, हे पाहून पुढल्या तीन वर्षांचा अंदाज करावा लागतो. मिचेल स्टार्क या ऑस्ट्रेलियन गोलंदाजाला डिसेंबर २०२३ मध्ये कोलकात्याने २४ कोटी ७५ लाखांना घेतले. २०२४ च्या अंतिम सामन्यात सामनावीर तोच ठरला. तरीही कोलकात्याने त्याला ठेवले नाही, आणि पुढच्या लिलावात दिल्लीने तोच स्टार्क ११ कोटी ७५ लाखांना नेला. एका वर्षात माणूस बदलला नव्हता. भाव बदलला होता. आधीच्या भावाने त्याला धरून ठेवणे हे प्रेम झाले असते, हिशेब झाला नसता.

चौथा नियम बाजाराचा. ठेवण्याचा भाव ठरलेला आहे, लिलावातला भाव मात्र अज्ञात आहे. ज्याचा लिलावात १८ कोटींच्या वर भाव निघेल असे वाटते, त्याला १८ कोटींत आधीच बांधून ठेवावे. ज्याचा १० कोटींच्या आसपास निघेल असे वाटते, त्याला सोडून लिलावात पुन्हा घ्यावे. यासाठी संघांना एक हक्कही दिलेला असतो. लिलावात दुसऱ्याने बोली जिंकली, तरी जुना संघ म्हणू शकतो, "तोच भाव आम्ही देतो, गडी आमचा." शेजारच्या जमिनीच्या विक्रीत भावकीने पहिला हक्क सांगावा, तसे. पण २०२४ च्या लिलावात या हक्काला एक काटा लावला होता. जुन्या संघाने हक्क सांगितला, की शेवटच्या बोलीदाराला आणखी एकदा भाव वाढवण्याची संधी. अर्शदीप सिंगसाठी शेवटची बोली १५ कोटी ७५ लाख होती. पंजाबने हक्क सांगताच हैदराबादने ती एकदम १८ कोटींवर नेली, आणि पंजाबला ती मान्य करावी लागली. मुंबईला नमन धीर याच मार्गाने ५ कोटी २५ लाखांना परत मिळाला. तेव्हा "आत्ता सोडू, मग स्वस्तात घेऊ" हा बेत नेहमी साधतोच असे नाही.

आणि पाचवी गोष्ट तर नियम नव्हे, वस्तुस्थिती आहे. ठेवून घेणे हे एकतर्फी नसते. खेळाडूचीही इच्छा असावी लागते. आपला भाव बाजारात अधिक निघेल असे ज्याला वाटते, तो कमी रकमेवर का थांबेल? श्रेयस अय्यरला लिलावात पंजाब किंग्जने २६ कोटी ७५ लाखांना घेतले, हे लक्षात घ्या. ठेवण्याच्या सर्वांत वरच्या पायरीपेक्षा ही रक्कम पावणेनऊ कोटींनी जास्त आहे. जो माणूस बाजारात एवढा मिळवू शकतो, त्याला "घरचा म्हणून थांब" असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

आता निरनिराळ्या संघांनी काय केले आणि त्याचे काय झाले ते पाहू. राजस्थानने सहाच्या सहा जण ठेवले. ७९ कोटी गेले, ४१ उरले. मुंबई आणि हैदराबादने पाच-पाच ठेवले. ७५ कोटी गेले. चेन्नईनेही पाच ठेवले, पण त्यांत महेंद्रसिंग धोनी होता. पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूला नवख्यांच्या वर्गात धरण्याची सोय असल्यामुळे तो अवघ्या ४ कोटींत बसला. बंगळुरूने तीनच ठेवले. विराट कोहली २१ कोटी, रजत पाटीदार ११, यश दयाल ५; हातात ८३ कोटी. आणि पंजाबने तर दोनच ठेवले, तेही आंतरराष्ट्रीय न खेळलेले. खर्च साडेनऊ कोटी, शिल्लक ११० कोटी ५० लाख!

२०२५ चा हंगाम संपला तेव्हा चित्र असे होते. ३ जूनच्या अंतिम सामन्यात बंगळुरू आणि पंजाब समोरासमोर आले, आणि बंगळुरूने ६ धावांनी जिंकून प्रथमच चषक उचलला. मुंबई बाद फेरीपर्यंत पोचली. हैदराबाद सहावे, कोलकाता आठवे, राजस्थान नववे आणि चेन्नई दहावे. म्हणजे ज्यांनी थोडे ठेवले ते वर, आणि ज्यांनी बरेच ठेवले त्यांतले बहुतेक खाली.

यावरून कोणी लगेच सूत्र काढील, की सगळे सोडा आणि नव्याने बांधा. पण वाचकहो, इतकी घाई बरी नव्हे. एका हंगामावरून नियम सिद्ध होत नाही. एका सुगीवरून जमिनीचा कस ठरवत नाहीत. मुंबईने ७५ कोटी पाच जणांवर घालूनही पहिल्या चारांत जागा मिळवली. पंजाबचा मोठा फायदा असा होता, की त्यांच्याजवळ टिकवून ठेवावे असे जुने फारसे नव्हतेच, आणि हाती भरपूर पैसा असल्यामुळे श्रेयससारखा कर्णधार त्यांना मिळाला. त्याने त्या हंगामात ६०४ धावा केल्या. मला यातून एवढेच दिसते, की ठेवण्यातही धोका आहे आणि सोडण्यातही; पण ठेवताना होणारी चूक आपल्याला चूक वाटत नाही, कारण ती निष्ठेचे कपडे घालून येते.

कोलकात्याचा हिशेब या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. रिंकू सिंग १३ कोटी, वरुण चक्रवर्ती, सुनील नारायण आणि आंद्रे रसेल प्रत्येकी १२, हर्षित राणा आणि रमणदीप सिंग प्रत्येकी ४. एकूण दिले ५७ कोटी. पण नियम असा होता, की प्रत्यक्ष दिलेली रक्कम आणि पायऱ्यांची बेरीज यांत जी मोठी, ती थैलीतून वजा. चार पायऱ्यांचे ६१ आणि दोन नवख्यांचे ८ मिळून ६९ कोटी वजा झाले, हातात उरले ५१. खेळाडूंना न पोचलेले १२ कोटी असे वाऱ्यावर गेले. मग त्या ५१ मधले २३ कोटी ७५ लाख त्यांनी एकट्या व्यंकटेश अय्यरला परत मिळवण्यासाठी घातले. म्हणजे शंभरातले जवळजवळ ४७! पुढच्या हंगामात व्यंकटेशच्या बॅटमधून १४२ धावा निघाल्या. त्यानंतर कोलकात्याने त्याला सोडले आणि डिसेंबर २०२५ च्या लिलावात बंगळुरूने त्याला ७ कोटींना घेतले. जुन्या गड्याला परत आणण्याच्या ईर्ष्येत घर कसे पोकळ होते, याचा हा नमुना म्हणावा लागेल.

आणि त्याच कोलकात्याने त्याच लिलावात, सर्वांचे लक्ष उडाल्यावर, आणखी एक खरेदी केली. ती आपल्या जिव्हाळ्याची आहे. प्रवरेकाठच्या आश्वी खुर्दला ज्याचा जन्म झाला, नाशिक-पुणे रस्त्यावरच्या चंदनापुरीचे ज्याचे घराणे, तो आपल्या तालुक्याचा अजिंक्य रहाणे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याचे नाव प्रथम पुकारले तेव्हा एकही बोली लागली नाही. उशिरा, नावे दुसऱ्यांदा घेतली गेली, तेव्हा कोलकात्याने त्याला मूळ किमतीला, दीड कोटीला घेतले. आणि मार्च २०२५ मध्ये त्यालाच कर्णधार केले.

त्याच्या भावाचा आलेख पाहा. २०१८ साली राजस्थानने ४ कोटी देऊन त्याला घेतले होते. २०२२ मध्ये तो १ कोटीवर आला. डिसेंबर २०२२ च्या लिलावात ५० लाखांवर. याच माणसाने २०२०-२१ मध्ये, ॲडलेडला ३६ धावांत सर्वबाद झालेला भारतीय संघ हाती घेऊन, मेलबर्नला स्वतः ११२ धावा करून, ऑस्ट्रेलियात मालिका जिंकून दिली होती. पण कसोटीतले धैर्य वीस षटकांच्या बाजारात विकले जात नाही. हा बाजाराचा अन्याय आहे का? मी म्हणेन, नाही. बाजार त्या वस्तूला भाव देतच नव्हता. मात्र बाजाराचे अज्ञान होते, ते दुसऱ्या बाबतीत. ५० लाखांच्या रहाणेने २०२३ मध्ये चेन्नईसाठी शंभर चेंडूंना १७२ च्या वेगाने ३२६ धावा काढल्या, आणि चेन्नई विजेती झाली. २०२४ च्या अखेरीस, लिलावाच्याच दिवसांत सुरू असलेल्या सय्यद मुश्ताक अली करंडकात ४६९ धावा काढून तो स्पर्धेत पहिला आला. २०२५ मध्ये त्याने १३ सामन्यांत ३९० धावा केल्या. दीड कोटीत ३९०, आणि पावणेचोवीस कोटींत १४२! वयाच्या छत्तिसाव्या वर्षी माणूस आपला खेळ पालटू शकतो, हे ज्याने कालच्या आकड्यांवरून उद्याचे भाकीत केले त्याला दिसले नाही. तिसरा नियम दोन्ही बाजूंनी कापतो तो असा. कालच्या यशावर पैसे देऊ नयेत हे खरे. तसेच कालच्या अपयशावरून माणूस मोडीतही काढू नये.

अर्थात एका स्वस्त खरेदीने संघ तरत नाही. कोलकाता आठवेच राहिले. तेवीस-चोवीस कोटींचे भगदाड दीड कोटीच्या चांगल्या सौद्याने बुजत नसते.

आता या साऱ्याशी आपला काय संबंध? माझ्या मते दोन प्रकारे आहे. त्यातला पहिला जरा गंभीर आहे, म्हणून आधी सांगतो. आज गावोगावची मुले या लिलावाकडे पाहून बॅट हातात घेतात. काही आईबाप मुलाची शाळा बदलतात, पुण्यात खोली घेऊन देतात, प्रसंगी जमिनीवर कर्ज काढतात. त्यांनी एक हिशेब जवळ ठेवावा. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावाच्या अंतिम यादीत ५७७ खेळाडू होते. देशातले नि परदेशांतले हजाराहून अधिक खेळाडू चाळून ही यादी झालेली. त्यांतले १८२ विकले गेले. ३९५ जण मोकळ्या हाताने परतले. आणि जे विकले गेले, त्यांतले बरेचसे ३० लाखांच्या आसपासचे, एका हंगामानंतर पुन्हा अधांतरी. मुलाला खेळू द्या, मनापासून खेळू द्या. पण त्याच्या शिक्षणाची पाळी तोडून सगळे पाणी एकाच वाफ्यात सोडू नका. रहाणेचा भाव ४ कोटींवरून ५० लाखांवर आला तेव्हा तो भारतासाठी खेळलेला खेळाडू होता, तरी त्याला हे सोसावे लागले. ज्याचे अजून कोणी नाव ऐकले नाही, त्याचे काय?

दुसरा संबंध आपल्या रोजच्या व्यवहाराचा. सहकारी संस्थेचे संचालक मंडळ असो, शाळेची समिती असो, ऊसतोडीच्या टोळ्यांना उचल देणारा मुकादम असो, की महिन्याच्या पगारात घर चालवणारी गृहिणी असो. रक्कम ठरलेली आणि माणसे व गरजा अधिक, ही स्थिती सगळ्यांची सारखीच. तिथेही हेच प्रश्न विचारावेत. या पैशात दुसरे काय येईल? याच्या जागी दुसरा मिळेल का? मी काल पाहून देतो आहे की उद्या पाहून? आणि समोरच्याची इच्छा काय आहे?

मात्र एक भेद विसरू नये. क्रिकेटच्या संघाने सोडलेल्या नामांकित खेळाडूला दुसरे नऊ संघ असतात. संस्थेने पंचवीस वर्षे राबलेल्या कारकुनाला सोडले, तर त्याला दुसरे दार नसते. तिथे नुसता उद्याचा हिशेब करून भागत नाही. झालेल्या सेवेचे देणे निराळ्या खात्यात लिहावे लागते, आणि ते फेडावे लागते. निवृत्तिवेतन, उपदान, आजारपणाची मदत ही त्या देण्याची नावे आहेत. कृतज्ञता चुकती करण्यासाठी ही खाती असतात. ती पुढच्या हंगामाच्या थैलीतून चुकती करू लागलो, की संघही बुडतो आणि कृतज्ञतेलाही दोष लागतो.

तेव्हा पुढच्या वेळी याद्या जाहीर होतील आणि आपला आवडता गडी कोणी सोडल्याचे कळेल, तेव्हा लगेच "कृतघ्न!" म्हणू नका. कागद-पेन्सिल घ्या, थैलीत किती उरले ते पाहा, आणि त्या रकमेत तुम्ही स्वतः कोणाला घेतले असते, ते लिहून ठेवा. हंगाम संपल्यावर तो कागद पुन्हा काढून ताडून पाहा. निवड करणाऱ्याचे काम किती अवघड आहे, हे त्या एका कागदावरून कळेल. आणि आपल्या घरची, संस्थेची निवड करताना तोच हात थोडा अधिक सावध होईल.